आधी थांबवा, मग सोडा : मॉडेल रेल्वे खऱ्यासारखी कशी चालवतात



ग्वाल्हेरच्या माणसाला छोट्या आगगाडीचे नवल सांगावे लागत नाही. जयविलास महालातील भोजनाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली आहे. जेवण झाल्यावर पेयांच्या सुरया आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांसमोरून फिरत असे. कोणी सुरई उचलली की थांबे, परत ठेवली की चालू लागे. दुसरी छोटी गाडी म्हणजे ग्वाल्हेरहून श्योपूरकडे जाणारी आपली दोन फुटी नॅरोगेज. २०२० मध्ये ती बंद झाली, पण तिच्या टपावर बसलेल्या प्रवाशांचे दृश्य आपल्यापैकी कोणी विसरणार नाही.

या दोन गाड्यांत मोठा फरक कोणता? आकाराचा तर आहेच. पण खरा फरक असा की टेबलावरची गाडी एकटी होती. तिच्या समोरून दुसरी गाडी कधीच येणार नव्हती. नॅरोगेजचा मार्ग एकेरी होता आणि त्याच रुळांवरून समोरून दुसरी गाडी येत असे. म्हणून कोणती गाडी कोणत्या स्टेशनात थांबेल आणि कोणती पुढे जाईल, हे रोज कोणीतरी ठरवावे लागे. इंजिन चालवणे कठीण असतेच, पण हे ठरवणे आणि ठरलेले योग्य माणसापर्यंत वेळेत पोहोचवणे हे रेल्वेचे त्याहून कठीण काम आहे.

अमेरिकेत काही शौकीन मंडळी गेली सुमारे ऐंशी वर्षे घराच्या तळघरात मॉडेल रेल्वे मांडून नेमके हेच काम हौसेने करीत आहेत. त्याला ते ‘ऑपरेशन्स’ म्हणतात. या लेखात त्याची ओळख करून देत आहे. विषय खेळाचा वाटला, तरी त्यातून मिळणारा धडा खेळापुरता नाही.

गोल फिरणारी गाडी आणि कामावर निघालेली गाडी

मॉडेल रेल्वेच्या मांडणीला ‘लेआउट’ म्हणतात. सर्वांत प्रचलित माप एचओ. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी असते. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना लेआउट किती देखणा असू शकतो हे माहीत आहे. तिथे गाड्या कंट्रोल पॅनेलवरून चालतात आणि आपण प्रेक्षक म्हणून पाहतो.

ऑपरेशन्समध्ये मात्र प्रेक्षक कोणीच नसतो. १९४० च्या दशकात फ्रँक एलिसन यांनी आपल्या ‘डेल्टा लाइन्स’ या लेआउटच्या आधारे लेख लिहिले आणि लेआउटची तुलना रंगभूमीशी केली. गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक, अशी ती कल्पना. पात्राला रंगमंचावर येण्याचे काही कारण लागते, तसे गाडीलाही निघण्याचे कारण हवे. नुसती गोल फिरणारी गाडी कुठेच जात नाही.

मालगाडीला हे कारण देण्याची युक्ती १९६१ मध्ये डग स्मिथ यांनी मांडली आणि ती आजही वापरली जाते. प्रत्येक मालडब्याचे (जुन्या मराठीत वाघिणीचे) एक कार्ड असते. त्यावर डब्याचा प्रकार आणि क्रमांक लिहिलेला असतो. कार्डाला छोटा खिसा असतो आणि खिशात डब्याची बिल्टी. पुढे या बिल्टीला चार बाजू आल्या. समजा डबा कोळशाचा आहे. पहिल्या बाजूवर लिहिलेले असते, ‘रिकामा, खाणीकडे’. दुसरीवर, ‘भरलेला, वीजकेंद्राकडे’. डबा खाणीवर पोहोचला की खेळ संपल्यावर बिल्टी उलटतात. पुढच्या वेळी तोच डबा भरलेला समजून वीजकेंद्राकडे निघतो. अशी शंभर कार्डे असली की शंभर डब्यांना आपापले काम मिळते. यार्डातला माणूस कार्डे वाचून डब्यांची वर्गवारी करतो आणि त्यातून गाडी तयार होते.

अॅलन मॅक्लेलंड यांनी ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ या लेआउटवर याच्याही पुढे पाऊल टाकले. त्यांचे म्हणणे असे की तळघराच्या भिंतीशी रेल्वे संपत नाही. भिंतीपलीकडे इतर शहरे आहेत असे मानावे. पडद्यामागे लपवलेल्या रुळांवर उभ्या असलेल्या गाड्या त्या शहरांतून येतात आणि तिकडेच जातात. भूगोलाचे विद्यार्थी हे लगेच ओळखतील : कोणताही प्रदेश एकटा नसतो.

वेगाने धावणारे घड्याळ

एचओ मापात खरा एक किलोमीटर फक्त साडेअकरा मीटरचा होतो. तरीही मोठ्या खोलीत दोन स्टेशनांमध्ये एक किलोमीटर मावणे कठीण. गाडी निघाली की मिनिटभरात पुढचे स्टेशन येते. मग वेळापत्रक कसे करायचे? त्यावर उपाय म्हणजे वेगवान घड्याळ. साधारणपणे ते चारपट वेगाने चालवतात. तीन तासांच्या खेळात रेल्वेचे बारा तास होतात. दोन स्टेशनांमधला एक मिनिटाचा प्रवास त्या घड्याळात चार मिनिटांचा ठरतो. सर्वांनी याच घड्याळाप्रमाणे चालायचे. हातातल्या घड्याळाला तिथे किंमत नाही.

न पाहता चालवणारा माणूस

आता मुख्य पात्राकडे येऊ. त्याला अमेरिकेत ‘डिस्पॅचर’ म्हणतात. आपल्याकडचा सेक्शन कंट्रोलर हा त्याचा जवळचा भाऊ समजा. चांगल्या लेआउटवर डिस्पॅचर वेगळ्या खोलीत बसतो. त्याला एकही गाडी दिसत नाही. त्याच्यासमोर टेलिफोन, घड्याळ आणि एक मोठा तक्ता असतो. स्टेशनावरचा ऑपरेटर फोन करून कळवतो की अमुक गाडी इतक्या वाजता इथून गेली. डिस्पॅचर ती वेळ तक्त्यात लिहितो. हा तक्ता म्हणजेच त्याचे डोळे.

बाकीची मंडळी गाड्यांबरोबर असतात. प्रत्येक गाडीवर शक्यतो दोघे : एक ड्रायव्हर, दुसरा कंडक्टर म्हणजे आपल्याकडचा गार्ड. त्यांना आपली गाडी दिसते, पण डोंगरापलीकडून काय येते आहे ते माहीत नसते. म्हणजे डिस्पॅचरला सगळे माहीत आहे पण काही दिसत नाही, आणि गाडीवाल्यांना दिसते आहे पण सगळे माहीत नाही. दोघांना जोडणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे शब्द. म्हणून या खेळात शब्दाला फार जपतात.

तारेवरून आलेला पहिला हुकूम

अमेरिकेच्या एकेरी मार्गांवर सुरुवातीला फक्त वेळापत्रकाचा आधार होता. गाड्यांना दर्जा दिलेला असे. वरच्या दर्जाची गाडी येईपर्यंत खालच्या दर्जाच्या गाडीने लूपमध्ये थांबायचे. दर्जा सारखा असेल तर ठरलेल्या दिशेची गाडी वरचढ. पण वरचढ गाडीच लेट झाली तर? दुसरी गाडी तासन् तास उभी राही.

१८५१ मध्ये ईरी रेल्वेचे सुपरिंटेंडेंट चार्ल्स मायनट न्यूयॉर्क राज्यातील टर्नर या स्टेशनात असेच अडकले. समोरून येणाऱ्या एक्सप्रेसचा पत्ता नव्हता. त्यांनी चौदा मैल पुढच्या गोशेन स्टेशनला तार करून विचारले, एक्सप्रेस आली का? नाही, असे उत्तर आले. मग त्यांनी गोशेनला कळवले की एक्सप्रेस आली तर तिथेच थांबवून ठेवा. तसे करू असे उत्तर मिळाल्यावरच त्यांनी आपल्या गाडीला पुढे जाण्याचा हुकूम दिला. ड्रायव्हर आयझॅक लुईस यांनी गाडी नेण्यास साफ नकार दिला; तारेवर भरवसा ठेवून समोरासमोर जाण्याची त्यांची तयारी नव्हती. शेवटी मायनट यांनी स्वतः इंजिन चालवले आणि लुईस सर्वांत मागच्या डब्यात जाऊन बसले. गाडी सुखरूप गोशेनला पोहोचली.

मुलांना या गोष्टीत ड्रायव्हरची फजिती आवडते. मोठ्यांनी क्रमाकडे लक्ष द्यावे. मायनट यांनी आधी समोरच्या गाडीला थांबवले, थांबवल्याची खात्री करून घेतली आणि मगच आपली गाडी सोडली.

पुढे हाच नियम झाला. वरचढ गाडीला अडवणारा हुकूम आधी तिच्या वाटेवरच्या ऑपरेटरने घ्यायचा, सिग्नल थांबण्याचा ठेवायचा, हुकूम शब्दशः परत वाचून दाखवायचा. त्यानंतरच दुसऱ्या गाडीला निघण्याचा कागद मिळायचा. फोनवर हुकूम देताना स्टेशनांची नावे आणि आकडे उच्चारून पुन्हा अक्षर-अक्षर सांगायचे. धावत्या गाडीला द्यायचा हुकूम १९ नंबरच्या फॉर्मवर लिहून लांब काठीच्या कडीला अडकवून वर धरत. ज्यावर सही हवी, तो ३१ नंबरचा. त्यासाठी गाडी थांबवावी लागे. लेआउटवरची मंडळी आजही असेच फॉर्म भरतात आणि परत वाचून दाखवतात. प्रत्यक्ष अमेरिकन रेल्वेवर १९८० च्या दशकात या हुकुमांची जागा मोठ्या प्रमाणावर रेडिओवरून दिल्या जाणाऱ्या ‘ट्रॅक वॉरंट’ने घेतली, परत वाचून दाखवणे मात्र तसेच राहिले.

क्रम चुकला तर

क्रम चुकल्यास काय होते, हे इंग्लंडने १० सप्टेंबर १८७४ रोजी पाहिले. नॉर्विच आणि ब्रुंडल या स्टेशनांमध्ये एकेरी मार्ग होता. ब्रुंडलला मेल उभी होती आणि लंडनची एक्सप्रेस नॉर्विचला उशिरा येत होती. एक्सप्रेसला नॉर्विचमध्ये रोखून धरण्याची पक्की व्यवस्था होण्याआधीच ब्रुंडलला तार गेली की मेल सोडा. त्या तारेवर अधिकाऱ्याची सहीदेखील नव्हती. इकडे एक्सप्रेस आली आणि नेहमीप्रमाणे पुढे सुटली. चूक ध्यानात आल्यावर तार रद्द करण्याची धडपड झाली, पण मेल निघून गेल्याचे उत्तर आले. थॉर्पजवळ दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या. किमान २५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांना थांबवण्याचा कोणताही मार्ग स्टेशनातील माणसांच्या हाती उरला नव्हता.

या अपघातानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये टॅब्लेट यंत्र आणले. दोन स्टेशनांतील यंत्रे विजेने अशी जोडलेली असतात की एका वेळी एकच टॅब्लेट बाहेर निघू शकते. ज्या ड्रायव्हरच्या हातात ती, त्यालाच मार्ग मोकळा. भारतात वर्षानुवर्षे वापरला गेलेला बॉल टोकन याच घराण्यातला. मोठ्या कड्याला अडकवलेल्या चामडी पिशवीत तो गोळा असे आणि धावत्या इंजिनातून ड्रायव्हर कडे झेलत असे. पालकांपैकी अनेकांनी लहानपणी हे पाहिले असेल. आपल्याकडे दोन स्टेशनमास्तर फोनवर बोलताना एकमेकांना ‘प्रायव्हेट नंबर’ देतात, तोही याच विचारातून : निरोप पोहोचला याला पुरावा हवा.

हुकूम देणाऱ्याची जबाबदारी मोठी, तशीच घेणाऱ्याचीही. ९ जुलै १९१८ रोजी अमेरिकेत नॅशव्हिलजवळ दोन प्रवासी गाड्यांची टक्कर होऊन शंभरावर माणसे गेली. एकेरी मार्गावर शिरण्यापूर्वी समोरची गाडी येऊन गेली की नाही हे बाहेर जाणाऱ्या गाडीने पाहायचे होते. रिकामे डबे ओढणारे भलतेच इंजिन शेजारून गेले, आणि तीच ती गाडी असे धरले गेले. नियम होता, खात्री करून घेतली गेली नाही.

लेआउटवर टक्कर होते का?

होते. जुन्या पद्धतीत वीज रुळांच्या तुकड्यांना दिली जाई. एका तुकड्यावर दोन इंजिने आली तर दोन्ही एकाच नियंत्रकाचे ऐकत. १९९० च्या दशकात डिजिटल पद्धत रूढ झाली. तिच्यात प्रत्येक इंजिनात छोटी चिप असते आणि प्रत्येक इंजिन फक्त आपल्या ड्रायव्हरचे ऐकते. सोय झाली, पण त्याबरोबर एकाच रुळावर दोन इंजिने समोरासमोर येणेही सोपे झाले. म्हणजे तंत्र सुधारले तेव्हा हुकुमाची गरज कमी न होता वाढली.

वहीत सोडवून पाहा

एकेरी मार्गावर अ, ब, क, ड ही चार स्टेशने आहेत. मधल्या ब आणि क येथे लूप आहे, म्हणजे क्रॉसिंग तिथेच होऊ शकते.

पॅसेंजर अ हून ९.०० ला निघते; ब ला ९.१०, क ला ९.२५, ड ला ९.३५. ही गाडी वरचढ. मालगाडी ड हून ९.०० ला निघते आणि क ला ९.१५ ला येते. क ते ब तिला २० मिनिटे आणि ब ते अ १५ मिनिटे लागतात. वेळापत्रकाप्रमाणे मालगाडी क ला थांबते, ९.२५ ला पॅसेंजर गेली की निघते आणि अ ला १०.०० ला पोहोचते.

आज ९.०५ ला कळले की पॅसेंजर अ हून २० मिनिटे उशिरा, ९.२० ला सुटेल. ती ब ला ९.३० ला आणि क ला ९.४५ ला येईल. काहीच बदल केला नाही तर मालगाडी क ला ९.१५ ते ९.४५ अशी अर्धा तास उभी राहील.

डिस्पॅचरने क्रॉसिंग ब ला हलवले तर? मालगाडी क हून लगेच ९.१५ ला निघून ब ला ९.३५ ला येईल. पॅसेंजरला ब ला फक्त ५ मिनिटे थांबावे लागेल. मालगाडी अ ला ९.५० ला पोहोचेल, म्हणजे तिचा अर्धा तास वाचला. हा निर्णय चांगला आहे.

आता हुकूम आधी कोणाला द्यायचा? पुष्कळ मुले म्हणतील, मालगाडीला, कारण तिला लवकर निघायचे आहे. तसे केले आणि नंतर ब चा ऑपरेटर फोनवर भेटलाच नाही असे समजा. पॅसेंजर आपल्या हक्काने ९.३० ला ब सोडेल. त्या वेळी मालगाडी ब पासून पाव अंतरावर असेल. गणित करून पाहा : ९.३२ च्या सुमारास टक्कर. याउलट ब ला आधी फोन केला आणि तो लागलाच नाही, तर मालगाडी क ला नुसती उभी राहील. उशीर होईल, पण कोणी मरणार नाही. योग्य क्रमाचा फायदा हाच : निरोप मध्येच अडला तर नुकसान फक्त वेळेचे होते.

आलेख कागदावर आडवी वेळ आणि उभी स्टेशने घेऊन दोन्ही गाड्यांच्या रेषा काढा. रेषा जिथे एकमेकींना छेदतात ते क्रॉसिंग. ते स्टेशनावरच आले पाहिजे. नंतर दोन प्रश्न सोडवा. पॅसेंजर फक्त ५ मिनिटे लेट असेल तर क्रॉसिंग कुठे ठेवाल? १० मिनिटे लेट असेल तर? दुसऱ्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आपले कारण लिहून वर्गशिक्षकांना दाखवा.

आपल्या शाळेसाठी

डिजिटल लेआउट महाग असतो आणि विश्वस्त मंडळींकडे मी तो मागत नाही. पण या खेळाचा गाभा बिनखर्चाचा आहे. सभागृहात खडूने एकेरी मार्ग आखायचा, चार टेबले म्हणजे चार स्टेशने, मुलांच्या रांगा म्हणजे गाड्या. डिस्पॅचर शेजारच्या वर्गात, दार बंद. निरोप चिठ्ठीवर, आणि परत वाचून दाखवल्याशिवाय गाडी हलणार नाही. सातवी ते नववीच्या मुलांसाठी हा उपक्रम येत्या सत्रात शनिवारी घेण्याचा विचार आहे. ज्या पालकांनी रेल्वेत नोकरी केली आहे, त्यांनी एक तास द्यावा अशी विनंती. टोकन आणि लाइन क्लिअर मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्यावे.

शाळेच्या कारभारालाही हा नियम लागू पडतो. मुसळधार पाऊस आला आणि शाळा लवकर सोडायची वेळ आली, की सर्वांचे लक्ष घंटेकडे असते. पण घंटा ही क ची मालगाडी आहे. आधी व्हॅनचालकांना आणि घरी वाट पाहणाऱ्या पालकांना निरोप गेला पाहिजे, त्यांचे उत्तर वहीत नोंदले गेले पाहिजे, आणि मग घंटा. ज्या मुलाच्या घरून उत्तर आले नाही, ते मूल वर्गशिक्षकांजवळच बसेल. त्यासाठी पालकांना एवढेच करायचे आहे : शाळेचा निरोप आला की ‘मिळाला’ असे उलट कळवायचे आणि घ्यायला कोण येणार आहे त्याचे नाव सांगायचे. आपल्या एका उत्तरावर एका मुलाचे सुटणे अवलंबून असेल.

मुलांनो, पुढच्या वेळी गाडी एखाद्या लहान स्टेशनात विनाकारण उभी आहे असे वाटले तर कुरकुर करू नका. खिडकीतून बाहेर पाहा. समोरून कोणीतरी येत असेल, आणि त्याला वाट द्यायची म्हणून तुम्हाला आधी थांबवले असेल.